जळालेल्या देवळाची स्टेज

वडूजला आम्ही सहा माणसं एका पत्र्याच्या खोलीत राहत होतो. वडील गवंड्याच्या हाताखाली जायचे, आई मिळेल त्या रानात खुरपायला. उन्हाळ्यात पाण्यावाचून बांधकामं थांबली, की घरात दोन्ही वेळेला चूल पेटेलच असं नसायचं. माझ्याआधी आमच्यात कुणी दहावी ओलांडली नव्हती. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले, तेव्हा सांगलीचा मामा म्हणाला, "पाठवा पोरीला माझ्याकडं." वडिलांनी पाठवलं. पण एसटीत बसवताना बजावलं, "मामाचं जमतंय तवर शिक. न्हाई जमलं तर माघारी यायचं, मग स्थळं बघायची."

त्या दिवसापासून मामाचं दुकान चालतंय की नाही, यावर माझा जीव टांगलेला असायचा.

दुकान म्हणजे विश्रामबागेतल्या भाड्याच्या घराची पुढची खोली. तिथं व्हिडिओ गेमची तीन मशीन होती. मागच्या खोलीत मामा, मामी आणि मी, मधे पडदा. पुढं दिवसभर पोरांचा गलका, आणि मी पडद्याआड अकाउंटचं पुस्तक घेऊन. पोरं असताना पुढं यायचं नाही, हा मामाचा नियम. पण रोज सकाळी दार उघडण्याआधी प्रत्येक मशीनवर एक गेम खेळून स्टिक आणि बटणं तपासायची, हे काम माझ्याकडं होतं. मामाला स्वतःला ती स्टिक कधी वळवताच आली नाही. रोजच्या त्या तपासणीत मी मारामारीच्या गेमचा दुसरा पार्ट पार शेवटापर्यंत संपवला होता. याचा त्या पोरांना पत्ताही नव्हता.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना स्टँडजवळ गेमचं नवं पार्लर निघालं आणि आमची गर्दी तुटली. पडद्यापलीकडचा आवाज कमी झाला, की मला पुस्तकातली ओळ लागायची नाही. मामीनं एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, "असंच राह्यलं तर ह्ये घर सोडून इस्लामपूरला कारखान्यावर जायाचं म्हणत्यात." तिथं माझी सोय कुठून होणार? विचारायची भीतीच वाटली.

शेवटचा उपाय म्हणून मामा साताऱ्याला गेला आणि तिथल्या एका व्यापाऱ्याकडून त्याच गेमच्या तिसऱ्या पार्टचा बोर्ड, म्हणजे मशीनमध्ये बसवायचं सर्किट, घेऊन आला. पसंत पडला नाही तर दुसऱ्या दिवशी परत, अशी बोली होती. मामा याआधी एकदा फसला होता. कपड्यांचे रंग तेवढे बदललेला जुनाच गेम कुणीतरी नवा म्हणून त्याच्या गळ्यात मारला होता, आणि पोरं अजून त्यावरून त्याला चिडवायची.

बोर्ड बसवला. पोरं गोळा झाली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पहिली लढत सुरू झाली आणि मागं दिसला तो बंदराचा जुनाच धक्का, तीच बोट. लढणाऱ्यांच्या मागं दिसणाऱ्या जागेला पोरं स्टेज म्हणायची, आणि दुसऱ्या पार्टातल्या सगळ्या स्टेज त्यांना पाठ होत्या.

"आयला, ही तर जुनीच स्टेज!"

"काका, परत टोपी घातली बघा तुमाला!"

"तोंडं बदलल्यात नुसती. चला रं, स्टँडवर जाऊ."

मामाचा चेहरा उतरला. त्यानं प्लगच काढून टाकला. "सकाळच्या गाडीनं साताऱ्याला देऊन येतो," तो म्हणाला, "आन ह्ये दुकान बी बंद करतो आता."

काही कळायच्या आत मी पडद्याबाहेर होते.

"मामा, आवं थांबा. ह्यो जुना गेम न्हाई."

"तू आत जा."

"जुन्यात बोट पाण्यावर हुती. हितं अर्धी बुडल्याली हाय. मला खेळू द्या, दावते."

एक उंच पोरगा, रोजचा गिऱ्हाईक, हसला. "आता ताई शिकवणार व्हय आमाला?"

मामी दारात येऊन म्हणाली, "खेळू द्या की तिला. माघारीच द्यायचाय न्हवं?"

मामानं प्लग लावला. मागं एवढी पोरं उभी असताना मी कधी खेळले नव्हते. पहिली लढत कशीबशी जिंकले. दुसरी स्टेज आली, तर तीही ओळखीची: देवळाचं अंगण. मागं कुणीतरी म्हणालं, "झालं! ह्ये बी जुनंच." मामाचा हात परत प्लगकडं गेला. मी समोरच्याला मारायचं सोडून ओरडले, "खांब बघा की! काळं पडल्यात. वर छप्पर न्हाई."

उंच पोरगा पुढं वाकला. दुसरा पार्ट त्यानंही संपवलेला होता. "थांब गड्या. शेवटाला त्या राक्षसानं देऊळ जाळलं हुतं... ह्ये जळाल्यानंतरचं हाय! गवत उगवलंय बघ पायऱ्यांवर."

"मग त्या बाजाराच्या स्टेजचं काय झालं आसंल?"

"आन बर्फाच्या डोंगराचं?"

तेवढ्यात मी हरले. "व्हा बाजूला ताई," उंच पोरगा म्हणाला, "बाजार मी उघडतो." मामानं प्लगवरचा हात काढला, पण बोर्डाचं खोकं दाराशीच काढून ठेवलं. माझी धाकधूक तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी साताऱ्याची गाडी सुटायची वेळ झाली आणि मामा दाढी करत बसलेला दिसला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

जुन्या जागांचं पुढं काय झालं ते बघायला पोरं स्टँडवरून परत आली. एकेक स्टेज उघडायला त्यांना बरेच दिवस लागले. मामा इस्लामपूरला गेला नाही. मी त्याच मागच्या खोलीत अभ्यास केला आणि फर्स्ट क्लासमध्ये बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.