मागच्या खोलीतल्या खासदाराचं मत

माझी आई ऐंशीला टेकली आहे. दुपारी ती मालिका बघत नाही, राज्यसभा बघते. जेवण झालं की म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरात पंखा तीनवर जातो, आईचे पाय स्टुलावर जातात आणि दिल्लीतली मंडळी बोलायला लागतात. अधिवेशन नसेल तेव्हा ती जरा उदास असते.

याचं कारण एक खासदार. मी शाळेत होते तेव्हा ते आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. एच. डी. कोट्याकडच्या एका खेड्यातून कायदा शिकायला म्हैसुरात आलेले. माझे वडील नुकतेच गेले होते. आम्ही शिंपी, तेव्हा आईनं वडिलांचं मशीन दुकानातून घरी आणलं आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. मागच्या खोलीतला हा भाडेकरू परीक्षेच्या दिवसांत आईसमोर बसून कलमं पाठ करायचा, आणि हात रिकामे कशाला म्हणून ब्लाउजांना हुक लावून द्यायचा. मी त्यांना अण्णा म्हणायचे, अजून म्हणते. पुढे अण्णा वकील झाले, राजकारणात पडले, दोनदा पडले आणि शेवटी पक्षानं त्यांना राज्यसभेत पाठवलं. पक्ष विरोधी बाकांवरचा. त्यामुळे टीव्हीवर ते दिसतात ते बहुतेक उभं राहून घोषणा देणाऱ्यांच्या मागे, अर्धा खांदा आणि एक कान एवढेच. तेवढ्यावरून आई ओळखते.

"तो बघ. सुम्ने बसलाय," ती म्हणते. सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या मराठीत असे कानडी शब्द पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून आहेत.

आईकडे एक वही होती. शिवणाच्या मापांची जुनी वही उलटी करून तिनं मागच्या बाजूनं अण्णांची हजेरी लिहायला घेतली होती. "आज दिसला. निळं जाकीट." "आज बोलला, मध्येच माइक बंद केला." "सगळे उठून बाहेर गेले, हाही गेला. पाणी पिऊन आला असेल." एके दिवशी फक्त एवढंच: "जांभई."

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले आणि आईच्या या उद्योगात आपोआप ओढली गेले. सुरुवात झाली ती समोरच्या मेष्ट्रूंमुळे. मेष्ट्रू म्हणजे शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. ते एका सकाळी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. राज्यातल्या खासदारांनी दिल्लीत काय केलं याचा तक्ता होता त्यात, आणि अण्णांच्या नावापुढे रकाने जवळजवळ मोकळे होते.

"अम्मा, तुमचा भाडेकरू तर वर्गात झोपणाऱ्यातला निघाला," मेष्ट्रू म्हणाले.

आईनं वही काढली. "हे खोटं आहे. तो होता. माझ्याकडे जाकिटाच्या रंगासकट आहे."

"जाकीट म्हणजे हजेरी नव्हे, अम्मा. काम काय केलं ते सांगा."

आईनं माझ्याकडे बघितलं. "तू आयुष्यभर पुस्तकं शोधून दिलीस लोकांना. याचं शोधून दे."

मग मी बसले. हे सगळं सरकारी संकेतस्थळावर असतं, फक्त ते कुणाला सापडू नये अशा तऱ्हेनं ठेवलेलं असतं. चार सकाळी गेल्या. हाती आलं ते बरंच होतं. अण्णांची हजेरी चांगली होती. प्रश्न त्यांनी विचारले होते, पण लेखी, म्हणून टीव्हीवर दिसले नव्हते. काबिनीच्या धरणाखालच्या गावांचे, हत्तींनी तुडवलेल्या शेतांचे, येलवालकडच्या रस्त्याचे. तक्ता करणाऱ्यानं बहुधा आडनाव सारखं असलेल्या दुसऱ्याच खासदाराचा रकाना उचलला होता. मी सगळं छापून मेष्ट्रूंना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "चूक कबूल. उत्तर बरोबर आहे." आईला त्या दिवशी इतका आनंद झाला की तिनं मेष्ट्रूंच्या घरी डबाभर चिरोटे पाठवले.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण आई म्हणाली, "मत्ते, पुढं काय? मतं कशी दिली त्यानं?"

मी तिला सांगितलं की मतं शोधणं अवघड असतं. बहुतेक वेळा सभापती विचारतात, लोक ओरडून हो किंवा नाही म्हणतात, ज्यांचा आवाज मोठा वाटतो ते जिंकतात. कोण काय ओरडलं याची नोंद नसते.

"म्हणजे ओरडण्यावर कायदा होतो?"

"बहुतेक वेळा."

आईनं यावर बराच विचार केला. "मग तो मागे पडणारच. आवाज लहान आहे त्याचा."

पण कुणी सदस्यांनी मागणी केली तर बटणं दाबून मतदान होतं आणि मग नावांची यादी निघते. अशा याद्या मी काढल्या. एकीत अण्णा होते, दुसरीत होते. तिसरी यादी मात्र मी आईला दाखवावी की नाही, यावर एक अख्खी सकाळ घालवली.

ते मतदान होतं एका दुरुस्तीवर. कामगारांच्या कल्याणाचा कायदा होत होता आणि विरोधी बाकांवरच्या एका बाईंनी सुचवलं होतं की घरी बसून कपडे शिवणाऱ्या बायकांनाही त्यात धरा. आईनं ते भाषण ऐकलं होतं. त्या दिवशी वहीत जाकीट नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, "शिवणाऱ्या बायांबद्दल बोलली. बरोबर बोलली." दुरुस्ती पडली, ती पडणारच होती. पण बाजूनं मत देणाऱ्यांच्या यादीत अण्णांचं नाव नव्हतं. विरोधात नव्हतं. तटस्थही नव्हतं. आणि हजेरीपटावर त्या दिवशी त्यांची सही होती.

शेवटी दाखवली. आईनं यादी बोट लावून वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. मग टीव्ही बंद करून आत गेली. चहाच्या वेळी बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "हुक त्यानंच लावले होते ना. त्याला माहीत नाही असं नाही."

मला अण्णांचा फार राग आला. आईला राग आला असता तर मला आला नसता.

आईनं कानडीत पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं नाही, फक्त पाकिटावर दिल्लीचा पत्ता घालून घेतला. तीन आठवडे काही नाही. मग एका रविवारी अकराच्या सुमारास दारात पांढरी गाडी थांबली, तिच्यातून एक सहायक, एक ड्रायव्हर आणि मागून अण्णा उतरले. केस पूर्ण पिकलेले, हातात फळांची पिशवी. चपला काढून ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आधी जायचे तसेच.

"अम्मा, पत्र मिळालं."

"ऊटा झालं?" आईनं विचारलं. जेवलास का, हा प्रश्न आमच्याकडे भांडणाच्याही आधी येतो.

"नाही."

"मग बस."

तिनं त्यांना भात, सांबार आणि अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ वाढली. अण्णांनी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वाढता वाढता तिनं विचारलं, "त्या दिवशी कुठं होतास?"

"आत होतो, अम्मा. जागेवर."

"मग नाव कुठं गेलं?"

अण्णांनी भात कालवला, पुन्हा कालवला. "बटण चुकलं."

"विरुद्धचं दाबलंस?"

"नाही. हिरवंच दाबलं. पण तिथं दोन बटणं एकदम दाबायची असतात. एका हातानं मतदानाचं, दुसऱ्या हातानं हो किंवा नाही. आणि दुसरी घंटा होईपर्यंत धरून ठेवायची. माझ्या एका हातात कागद होते. मी एकच दाबलं. नोंदच झाली नाही."

दाराशी उभा असलेला सहायक छताकडे बघायला लागला.

"चुकलं तर सांगता येत नाही?" मी विचारलं. मी एवढं वाचलं होतं की येतं.

"येतं. चिठ्ठी भरून द्यायची असते." अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. "शेजारचे म्हणाले, कशाला, पडणारच आहे. मलाही वाटलं, एका मतानं काय होतंय. आणि खरं सांगू? लाज वाटली. इतकी वर्षं तिथं बसून बटण दाबता येत नाही, हे सगळ्यांदेखत चिठ्ठीवर लिहून द्यायचं."

आई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "पडणार होतं ते मलाही माहीत होतं. मी काही नवी नाही बघणारी. पण पडताना तुझं नाव त्यात हवं होतं. मला ते वाचायचं होतं."

अण्णा म्हणाले, "चुकलं, अम्मा." नंतर ते जेवले नाहीत, पण ताटातलं टाकलंही नाही. थोड्या वेळानं सगळं संपवलं.

मला वाटलं, झालं आता. पण आई उठली आणि बटणांचा डबा घेऊन आली. तिच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात साठ वर्षांची बटणं आहेत. तिनं कोटाची दोन मोठी बटणं शोधली, एक काळं आणि एक हिरवं, आणि ती जेवणाच्या टेबलावर हातभर अंतरानं ठेवली.

"हात धुऊन ये. हे मतदानाचं, हे हो. दाब."

"अम्मा, माझ्या लोकांसमोर..."

"त्यांनाही कळू दे. दाब."

देशाच्या वरिष्ठ सभागृहातल्या एका सदस्यानं दोन्ही हातांच्या बोटांनी दोन कोटबटणं दाबली. मला आईनं स्टीलचा पेला आणि चमचा दिला होता. मी एकदा वाजवला, दहापर्यंत मोजलं, दुसऱ्यांदा वाजवला. अण्णांनी बोटं उचलली.

"आधी सोडलंस," आई म्हणाली. "घंटा पुरती ऐक. पुन्हा."

सहा वेळा केलं. चौथ्या वेळी आईनं मुद्दाम त्यांच्या हातात कागद दिले आणि अण्णांनी ते आधी मांडीवर ठेवले, मग बटणं दाबली. "आयतु," आई म्हणाली. जमलं. ड्रायव्हरला हसू आवरेना म्हणून तो गाडी पुसायला गेला. अण्णाही हसत होते, पण सहाव्या वेळेपर्यंत त्यांची बोटं अगदी घट्ट दाबलेली होती, नखं पांढरी होईपर्यंत.

पुढच्या अधिवेशनात पुन्हा बटणांचं मतदान झालं. म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी सांभाळावं, नाहीतर शिक्षा, असं काहीसं सरकारी विधेयक होतं. आईला ते फार आवडलं होतं. विरोधी पक्ष म्हणत होता की घाई करू नका, आधी ते समितीकडे पाठवा. यावरच मतदान झालं. मी यादी काढली, आणि यावेळी अण्णांचं नाव होतं, स्पष्ट, समितीकडे पाठवा म्हणणाऱ्यांत.

आईनं नावावर बोट ठेवलं. "बटण नीट दाबलंन."

"हो."

"पण भलतंच."

तिनं पत्राची वाट बघितली नाही, फोनच लावायला सांगितला. अण्णा कुठल्याशा बैठकीत होते, तरी बाहेर येऊन बोलले. फोन स्पीकरवर होता म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"पक्षानं सांगितलं होतं, अम्मा. आणि मलाही पटलं होतं. तुम्हीच सांगा, घाईत बेतलेला ब्लाउज कसा बसतो?"

"चांगला बसत नाही."

"मग कायदा कसा बसेल? चार लोकांनी नीट बघावा, एवढंच म्हणालो."

मुद्दा तिच्याच धंद्यातला होता. पण आई म्हणाली, "मी पन्नास वर्षं ब्लाउज शिवले. एकही समितीकडे पाठवला नाही."

त्यावर पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला आणि मग दोघं पुष्कळ वेळ भांडली. मी भाजी चिरायला आत गेले. आई म्हणत होती की म्हातारी माणसं समिती संपेपर्यंत जगत नाहीत, अण्णा म्हणत होते की वाईट कायदा म्हाताऱ्यांनाच आधी चावतो. कुणी हरलं नाही. फोन ठेवताना आईनं त्यांना रक्तदाबाची गोळी घेतली का विचारलं.

तेव्हापासून अधिवेशन सुरू असलं की अण्णा सकाळी फोन करतात आणि आज काय येणार आहे ते सांगतात. आई आपलं मत देते. दहातली सात मतं ते तिच्या विरुद्ध देतात असा तिचा अंदाज आहे. माझ्या मते तेवढं वाईट नाही, पण याद्या अजून मीच काढते, आणि आईला सांगताना मी थोडं अण्णांच्या बाजूनं सांगते.