बत्तीसच्या बत्तीस एक

आमच्या मालकाला ‘नाही’ हा शब्द सोसत नसे. मूळचा फौंड्रीवाला. ओतकामात नाव झालं आणि दोन हजार सालानंतर जो तो कॉम्प्युटरच्या नादाला लागला, तसा हाही लागला. तांब्याची तार आणि सुतळी यांतला फरक कळायची मारामार, पण गावभर सांगत सुटला, आम्ही चिप करतो. खिशात नाही आणा आणि मला बाजीराव म्हणा! फौंड्रीशेजारी एसीची एक खोली बांधली, तिथं मी आणि मुरगूडची एक मुलगी असे दोघं बसायचो.

आमचं काम म्हणजे चिपच्या आतला एक कोअर, दोन बोर्डांना एकमेकांशी बोलायला लावणारा. वीज सुरू झाली की समोरचं बोर्ड आधी त्यातलं एक रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायचा छोटा कप्पा, वाचतं. त्यात बत्तीस बिटं. एकेक बिट एकेका कामाचं: जमत असेल तर एक, नसेल तर शून्य. काही बिटं राखीव, त्यांना हात लावायचा नाही. आमच्या कोअरला साधं वाचणं-लिहिणं जमायचं, बस्स. मुलीनं खरं तेच भरलं. चार एक, बाकी शून्य.

मालक तिच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. “एवढी शून्यं? पावणं बेंगलोरवरनं येणार आणि त्यांच्या तोंडावर न्हाय न्हाय म्हणायचं? ही काय रीत हाय व्हय?”

“सर, ते बोर्ड यावर विश्वास ठेवतं. आपण व्हय म्हटलं की ते तसलं काम सांगणार. आपल्याकडं ते न्हायच की.”

“सांगू दे की! आधी काम घ्यायचं, मग शिकायचं. मी फौंड्री अशीच काढली.”

धन्य तो गडी! तिनं मात्र साफ सांगितलं, मी खोटं भरणार नाही. तिचे शिकाऊपणाचे सहा महिने दसऱ्याला संपत होते. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर वडिलांनी शाहूवाडीकडचं स्थळ बघून ठेवलं होतं. डबा खाताना तिनंच मला हे सांगितलेलं. तरी ती नाही म्हणाली.

मालक माझ्याकडं वळला. “तू भर रं.”

मी पक्का नोकरदार. कॉम्प्युटरच्या आकड्यांत एक एफ म्हणजे चार एक; आठ वेळा एफ दाबला, की बत्तीसच्या बत्तीस एक. राखीव बिटंसुद्धा.

पाहुणे आले. नारळ फुटला, पेढे फिरले, मालकानं त्यांना फेटाही बांधला. त्यांच्या बोर्डानं आमचं रजिस्टर वाचलं आणि एका दमात वाचून-बदलून-लिहायचं काम सांगितलं. आमच्या कोअरला त्याचा गंधही नव्हता. त्यांचं बोर्ड उत्तराची वाट बघत लटकलं. तीनदा बंद-चालू केलं, तीनदा लटकलं. “हिकडं लाईट कमी-जास्त हुतीया,” असं मालक फेकत होता. पाहुण्यांनी शांतपणे रजिस्टर उघडून बघितलं आणि हिंदीत विचारलं, हे भरलं कुणी?

“ही नवीन पोरगी. शिकाऊ हाय,” मालक म्हणाला. जिभेला हाड नाही, दुसरं काय!

ती मालकाकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. “दादा, सांगा की.”

मी पेढ्यांच्या ताटाकडं बघत म्हणालो, “होतं असं. नवीन आहे ती.”

दसऱ्याआधीच तिला घरी बसवलं. दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणं ऑफिसला तिच्या लग्नाची पत्रिका धाडली, त्यावर माझंही नाव होतं. मालक जीप घेऊन गेला, पोटभर जेवला आणि परत आल्यावर मठ्ठा झकास होता म्हणून सांगत बसला. निर्लज्ज माणूस. पण तो निदान तिच्यासमोर जाऊन उभा तरी राहिला. माझं तेवढंही धाडस झालं नाही.