अडीचची भूर

दीड वर्षाच्या माणसाबरोबर चालायला निघालं, की कुठं पोहोचायचं हे आपण ठरवू नये. भिंतीवरून मुंगळे जात असतील तर ते संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि मुंगळे लवकर संपत नाहीत. मला हे माझ्या भाचीनं शिकवलं. त्या हिवाळ्यात मी तिच्याबरोबर रोज दुपारी फिरायला जायचो. त्या दुपारी आठवल्या की आजही मला त्या जरा झोपेतल्यासारख्याच आठवतात. त्यामुळं सगळं नीट क्रमानं सांगता येईल की नाही, शंका आहे.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि ताईकडे राहत होतो. आमचं गाव लासूर स्टेशनच्या पुढं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गावाकडे हे कौतुकानं सांगतात. पण बारावीला ताईला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. तिला शहरात ठेवायची सोय नव्हती. माझी वेळ आली तोवर सोय झाली होती, कारण ताईच लग्न होऊन शहरात आली होती. ती सोय म्हणजे तीच, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

ताईचं बिऱ्हाड पहाडसिंगपुऱ्यात, दोन खोल्यांचं. दाजी टेम्पो चालवायचे, आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी. त्या वर्षी दिवाळीनंतर ताईला शहराबाहेर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत काम मिळालं, गाड्यांच्या वायरी जोडायचं. दुसरी पाळी होती. पहिले तीन महिने परीक्षेचे, त्यात एकही खाडा चालणार नव्हता. माझं कॉलेज सकाळचं. म्हणजे दुपारी पावणेतीनला कंपनीची बस चौकात यायच्या आधी भाची माझ्या हवाली.

"पोरगी तुझ्याजवळ राहिली तर मी जाईन," ताई मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "नाय राहिली तर सोडून देईन. तिला रडत ठेवून मला नोकरी करायची नाय."

हे ती शांतपणे म्हणाली, पण कंपनीचा निळा अंगरखा तिनं आदल्या रात्रीच इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. मला तो सारखा दिसत होता.

आईला फोन लावला तर तिनं लगेच उपाय सांगितला. "तिला कळूच द्यायचं नाय. मामानं पोरीला भूर न्यायचं, आन आईनं मागच्या मागं निघायचं. तुम्हाला दोघांला मी आसंच सोडून रानात जायची. काय झालं तुम्हाला?"

आमच्याकडे सगळे असंच करतात. मूल रडू नये म्हणून आईनं नजर चुकवून जायचं, आणि मुलानं विचारलं तर 'आई भूर गेली' म्हणायचं. म्हणून आम्हीही तेच केलं. अडीच वाजले की मी म्हणायचो, "चल, भूर." भाची दोन्ही हात वर करायची. ताई मोरीपाशी भांडी घासल्याचं सोंग करत बसलेली असायची. आम्ही गल्लीच्या कोपऱ्याला वळलो, की ती हात पुसून, खुंटीवरचा अंगरखा घालून, दुसऱ्या बोळातून चौकाकडे जायची.

पहिले काही आठवडे फार सुंदर गेले. मला लहान मुलांची सवय नव्हती. तिनं माझं एक बोट धरलं, की बाकीची चार बोटं मला उगाच जड वाटायची. गल्लीतून बाहेर पडलं की मकबऱ्याचा घुमट दिसायचा. थंडीतल्या उन्हात तो दगडाचा वाटत नसे, कुणीतरी दुधाची वाटी पालथी घातल्यासारखा वाटे. ती त्याच्याकडे बघत नसे. तिचं लक्ष खाली. सोड्याच्या बाटलीचं झाकण, बकरीच्या लेंड्या, स्वतःची सावली. सावलीवर पाय द्यायला गेली की सावली पुढं सरायची. एकदा ती त्यासाठी मकबऱ्याच्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, आणि मी तिच्यामागं. खांद्यावरच्या पिशवीत इतिहासाच्या नोट्स होत्या. रोज असायच्या. कधी उघडल्या नाहीत.

कधी शेअर रिक्षानं आम्ही पाणचक्कीला जायचो. हौदातले मासे बघत ती अर्धा-अर्धा तास एका जागी उभी राहायची. पाणी हिरवट, स्थिर, आणि त्यात मासे असे सावकाश वळायचे की आपणही पाण्यातच आहोत असं वाटायचं. बाहेर आलो की नेहमीचा रिक्षावाला हाक मारायचा, "क्या मामू, भांजी ने आज कित्ता चलाया?"

"लई," मी म्हणायचो.

"चलने दो, चलने दो. अबी तो तुम उसकूच संभालरे ना."

लोक बघायचे. माझ्या वयाचा मुलगा, कडेवर पोर, पोराच्या नाकातून शेंबूड. वर्गातले दोघे एकदा विद्यापीठाच्या रस्त्यावर भेटले. एक म्हणाला, "काय रे, आम्हाला पेढेबी नाय दिले." दुसरा म्हणाला, "आरं हा लेक्चरला मागं बसून झोपतो ते ह्याच्यामुळं व्हय." मला हसूही आलं आणि कानही गरम झाले. भाचीनं त्यांच्यातल्या एकाचा चष्मा ओढला, मग ते निघून गेले.

तिचा एक खेळ होता. रस्त्यात कुठलं दार उघडं दिसलं की ती थांबायची आणि आत डोकावायची. झाडाचा बुंधा मोठा असला तर त्याच्यामागं जाऊन बघायची. उभ्या हातगाडीच्या पलीकडे, कुणाच्या दुकानाच्या पडद्यामागं. मग माझ्याकडे वळून बघायची. मला वाटायचं, ती लपाछपी खेळतेय. मी "कुक" म्हणायचो. ती हसत नसे, पण लहान मुलं खेळताना गंभीरच असतात असं मी समजून चालायचो. मला तो खेळ इतका आवडला होता की मी ताईला रोज सकाळी त्याचं वर्णन करायचो. ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि म्हणायची, "राहती ना मग तुझ्याजवळ. बरं झालं."

मग जानेवारीत एक दिवस मी "चल, भूर" म्हणालो आणि भाचीनं हात वर केले नाहीत. ती मागं सरकली. दुसऱ्या दिवशी तिनं दाराची चौकट धरली. तिसऱ्या दिवशी माझी पिशवी खांद्यावर बघूनच किंचाळली, आणि जाऊन ताईच्या पायांना अशी मिठी मारली की ताईला भांडी घासायचं सोंगही करता येईना. घड्याळात अडीच वाजून गेले होते. मी तिला सोडवून, उचलून, जवळजवळ पळत बाहेर नेलं. वळून बघितलं नाही. मागं ताई उभी असणार, हे माहीत होतं.

मकबऱ्याच्या भिंतीशी एक मावशी पोत्यावर बोरं घेऊन बसायच्या. आमची रोजची ओळख, पण बोलणं बोरांपुरतं. त्या दिवशी भाची माझ्या खांद्यावर वाकडी होऊन रडत होती. मावशींनी एक बोर पुढं केलं. तिनं ते फेकून दिलं.

"आज काय झालं हिला?"

"आईपाशी राहायचं म्हणते. यायलाच तयार नाही."

"आन आई?"

मी सांगितलं. कंपनी, बस, मागच्या मागं निघणं, सगळं. मला वाटलं त्या माझ्या आईसारखंच म्हणतील, असंच करायचं असतं.

मावशींनी बोरांवरची धूळ झटकली. "मंजे तू हिला फिरवाया आणतूस, का हिच्या आईला पळवाया?"

मी भाचीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी रोज बघती ना. कंपनीचं निळं घातलेली बाई रस्त्यानं गेली, का ही पोरगी उभी राहती. त्या झाडामागं जाती, तिकडं त्या गाडीमागं जाती. मला वाटायचं हिचं काय हरवलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला दिसलं नाय व्हय? कॉलेजात जातूस ना?"

"मला वाटलं, खेळतेय," मी म्हणालो.

"खेळतीय म्हणं," मावशी म्हणाल्या. पुढं गिऱ्हाईक आलं, आणि त्या त्याच्याशी बोलायला लागल्या.

मी भाचीला घेऊन भिंतीच्या सावलीत बसलो. ती रडून थकली होती आणि उचक्या देत होती. मला एकेक दार आठवायला लागलं. पिठाची गिरणी. शिंप्याचा पडदा. पाणचक्कीतलं ते मोठं वडाचं झाड, ज्याच्याभोवती ती तीनदा फिरली होती आणि मी तीनदा "कुक" म्हणालो होतो. ज्या दुपारी मला इतक्या सुंदर वाटत होत्या, त्या तिच्यासाठी कशा गेल्या असतील. आपण घरातून निघतो आणि परत येतो तेव्हा आई नसते. मग ती इथंच कुठंतरी, या रस्त्यावर असणार. तिच्या बाजूनं हा विचार अगदी बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेजला निघण्याआधी, मी ताईला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"ती खेळत नव्हती, ताई. तुला शोधत होती. रोज."

ताईचे हात परातीत थांबले. मग ती म्हणाली, "सोडून देते मी. दीड महिना झालाच की. तेवढंच नशिबात."

"तसं नाही. तिला सांगून जा. तिच्यासमोर बसमध्ये चढ."

"आन ती रडंल ते?"

"रडेल."

"माझ्यानं नाय व्हायचं. ती हात पसरून रडतीय आन मी बसमध्ये चढू?" तिनं कणकेचा हात तसाच कपाळाला लावला. "तू शिकतोयस ना एवढं. तुझ्या पुस्तकात काय सांगितलंय?"

माझ्या पुस्तकांत यादवांची राजवट होती आणि महसुलाच्या पद्धती होत्या. मी खरं ते सांगितलं, "पुस्तकात काही नाही." आणि वर जोडलं, " बोरंवाल्या मावशी म्हणाल्या." मावशींनी असा काही सल्ला दिला नव्हता. पण मला एकट्याच्या नावावर हे सांगायचा धीर नव्हता.

त्या दुपारी आम्ही तिघंही चौकात गेलो. ताईनं घरातच, पोरीसमोर, निळा अंगरखा घातला. भाचीनं त्याच्या बटणाला बोट लावून बघितलं. बस आली तेव्हा ताई खाली वाकून म्हणाली, "मी कामाला चालले. रात्री येते. मामाजवळ राहा." तिचा आवाज शाळेत कविता म्हणून दाखवताना व्हायचा तसा झाला होता.

भाचीला काय कळलं ते माहीत नाही. ताईनं पायरीवर पाय ठेवला, आणि ते तिला बरोबर कळलं. तिनं ताईची ओढणी पकडली. मी तिची मूठ एकेक बोट करून सोडवली. ताईचा एक पाय पायरीवर, एक खाली. ड्रायव्हर पुढंच बघत होता. बसमधल्या बायका खिडकीतून वाकल्या.

"चल गं, पहिल्यांदा सगळ्यांचंच हुतंय."

"माझा तर बसच्या मागं पळाला व्हता."

"मामालाच रडू आलं बघ, त्याच्यापरीस पोरगी बरी."

एकीनं ताईचा दंड धरून तिला आत घेतलं. बस गेली. भाची चौकातल्या दगडावर माझ्या मांडीत अर्धा तास रडली, आणि येणारे-जाणारे थांबून मला सल्ले देत राहिले. त्या दिवशी आम्ही कुठंच गेलो नाही. मला खात्री होती की ताई उद्या जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनंच अंगरखा घातला आणि म्हणाली, "चला." तिचे डोळे सुजले होते. त्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. मी दिवस मोजले नाहीत. पण रडणं कमी होण्याच्या आधी एक दुसरीच गोष्ट बदलली. रडून झाल्यावर आम्ही हळूहळू घराकडे यायचो, तेव्हा पिठाच्या गिरणीचं दार उघडं असायचं, आणि भाची त्याच्यासमोरून सरळ पुढं जायची. आत बघायचीसुद्धा नाही. मी मुद्दाम थांबून बघितलं. ती माझं बोट ओढत होती, पुढं एक बकरी होती म्हणून.

मग एका दुपारी बस वळणाआड गेली, भाचीनं दोन मोठ्या उचक्या दिल्या, आणि पलीकडे एक जण पाइप लावून रिक्षा धूत होता तिकडे बोट केलं. आम्ही गेलो. पाणी टपावरून धारांनी खाली येत होतं आणि त्या धारांतून ऊन पडलं होतं. ती तोंड उघडं ठेवून बघत उभी राहिली.

खिशात फोन वाजला. ताई होती, बसमधूनच. मागं बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"रडतीय?"

"नाही. रिक्षा धुतायत, ते बघतेय."

"रडत नाय?"

"नाही गं. मजेत आहे."

मग तिनं अगदी हळू, शेजारणीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "जरातरी रडली का?"

"रडली की. बस दिसेनाशी होईपर्यंत रडली."

"बरं," ताई म्हणाली.

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. भाचीनं हात पुढं करून पाण्याची एक धार पकडायचा प्रयत्न केला, ती सुटली, तिनं पुन्हा केला. मी फोन कानापासून काढून तिच्या बाजूला धरला. पाणी पत्र्यावर पडत होतं. तेवढा आवाज तरी तिकडं शेंद्र्याच्या रस्त्यावर पोहोचत असेल, असं मला वाटलं.