हार नसलेला फोटो

सोनिया पेढ्यांचा पुडा घेऊन आली तेव्हा मनकर्णामावशी माझ्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"मोठी आई," ती मावशीला म्हणाली, "आपल्या छावणीतल्या संग्रहालयाला दिल्लीनं मान्यता दिली! राष्ट्रीय झालं ते. आता टीव्हीवाले येणार. पावडर लावायला शिका जरा!"

मी एक पेढा देवापुढं ठेवला, एक मावशीच्या हातात दिला. तिनं तो तोंडात घातला नाही. तिचा दुसरा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेला.

"दिल्लीची माणसं येऊन काय करणार गं?"

"काय करणार? भाषणं करतील, हार घालतील, जेवून जातील."

"हार कुणाला?"

सोनिया हसली. "तुम्हाला घालू का?"

मावशी हसली नाही. मेथीची जुडी तशीच ठेवून घरी निघून गेली.

आम्ही बजाजनगरात शेजारी राहतो. सोनिया म्हणजे मावशीच्या पुतण्याची बायको. मावशीला मूलबाळ नाही. सिल्लोडकडच्या एका खेड्यात ती लग्न होऊन आली आणि दोन वर्षं व्हायच्या आत एकाहत्तरची लढाई लागली. नवरा फौजेत होता. गस्तीला गेलेल्या तुकडीतून तो परत आला नाही. देहही आला नाही. पुढं कैदी सुटून आले, त्यांच्यातही तो नव्हता. बेपत्ता, एवढाच शब्द घरी आला, आणि त्या एका शब्दावर बाईनं जन्म काढला.

बारा वर्षं झाल्यावर दिरानं भटजी बोलावले होते. पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे माणूस गेला असं धरायचं. त्या सकाळी मावशी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली आणि खुलताबादला भद्रा मारुतीपुढं जाऊन बसली. विधीचं सामान तसंच राहिलं. पेन्शन सुरू झाली तेव्हा कागदावर काय लिहिलंय, ते तिनं कुणाकडून वाचून घेतलं नाही. कपाळावरचं कुंकू मात्र कधी लहान केलं नाही. आमच्या गल्लीतल्या काही बायका तिला संक्रांतीला बोलवायचं का नाही, यावर अजून कुजबुजतात. मी बोलावते.

संग्रहालय सुभेदार राजकुमार यांचं. ते मावशीच्या नवऱ्याच्याच पलटणीतले. त्याच लढाईत पकडले गेले, वर्षभर पलीकडच्या कैदेत राहिले आणि सुटून आल्यावर आधी मावशीच्या गावी गेले. "मला त्याचं पुढचं काही दिसलं नाही, वहिनी," असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य मावशीनं मला कितीदा तरी ऐकवलंय. "दिसलं नाय म्हणले. मेला नाय म्हणले." निवृत्तीनंतर त्यांनी छावणीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोल्या मोकळ्या केल्या. तिथं कैदेतला अॅल्युमिनियमचा मग आहे, फाटकी कांबळी आहेत आणि भिंतीवर फोटो आहेत. एका भिंतीवर कैदेत वारलेले. त्यांना चंदनाचे हार. समोरच्या भिंतीवर बेपत्ता. त्यांना हार नाही, उदबत्ती नाही. दर मंगळवारी मी मावशीला तिथं नेत असे. ती पदरानं नवऱ्याच्या फोटोची काच पुसायची, जरा वेळ बघायची आणि म्हणायची, "चल."

मान्यता मिळाल्यावर सगळं काम करुणाकडं आलं. ही सुभेदारांची भाची. हुशार, धावपळीची पोरगी. तिनं आम्हाला बोलावून कार्यक्रम समजावला. दिल्लीहून निवृत्त जनरलसाहेब येणार, फलक उघडणार आणि प्रत्येक फोटोला हार घालणार.

"दोन्ही भिंतींना?" मी विचारलं.

"हो काकू. एका भिंतीला हार आणि दुसरी मोकळी, कसं दिसेल ते? तोही सन्मानच आहे ना."

मावशी तिच्याकडं बघतच राहिली. मग सुभेदारांकडं वळली. "भावजी, हिला सांगा की."

सुभेदार खुर्चीत बसले होते. ऐंशीला आलेला माणूस, छाती सारखी भरलेली. ते खोकले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "बघू, वहिनी."

परतताना रिक्षात मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इतकी वरसं त्यांनीच हार घालू दिला नाय कुणाला. एकदा शाळेची पोरं घेऊन आली, तर अंगावर वराडले होते. आन आता बघू?"

"दिल्लीपुढं त्यांचं काय चालणार, मावशी?"

"तसं असंल," ती म्हणाली. पण तिचं समाधान झालं नव्हतं, हे दिसतच होतं.

मधले दिवस वाईट गेले. तिला जेवण जाईना. पूजा करताना मला हाका मारायची, "उमा, माझं कुंकू नीट हाय का बघ गं." नीटच असायचं. सोनिया म्हणाली, "मोठी आई, नका जाऊ मग कार्यक्रमाला. डोळ्याआड होईल." त्यावर ती एकदम चिडली. "मी नसताना घालू देऊ व्हय? कपाळ माझं हाय!"

मी करुणाला दोनदा फोन केला. ती म्हणाली, काकू, सगळं वर कळवून झालंय. मग मी देवालाच हात जोडले. दुसरं काय करणार?

कार्यक्रमाला मांडव घातला होता. गुलमंडीहून झेंडूचे हार आले होते, परातीत रचलेले. मावशी हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. टाळ्या झाल्या, फलक उघडला, सुभेदारांना शाल दिली. मग साहेब हारांकडं वळले. पांढऱ्या मिशांचा, मऊ बोलणारा माणूस. प्रत्येक फोटोपुढं क्षणभर थांबायचा, हार घालायचा आणि हात जोडायचा. पहिली भिंत संपली. मावशीचा श्वास मला ऐकू येत होता. दुसऱ्या भिंतीवरचा पहिला फोटो झाला, दुसरा झाला. ती माणसंही कुणाची तरी असतील. त्यांचं कुणी आलं नव्हतं. तिसरा फोटो मावशीच्या नवऱ्याचा.

साहेबांनी हात वर नेला आणि मावशी उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. साहेबांना काही ऐकू गेलं नाही. तिनं माझ्या खांद्याला धरलं, पदर डोक्यावर ओढला आणि मोठ्यांदा म्हणाली,

"अजिंठ्याच्या डोंगरात वाघूर वाहती,
सांडूरावांचं नाव घेते, वाट त्यांची पाहती!"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मावशीच्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यातच, आणि उखाणा घ्यायचा तो सवाष्णीनं. तिथल्या प्रत्येक मराठी माणसाला कळलं. साहेबांना कळलं नाही.

"माताजी क्या कह रही हैं?"

करुणानं हातातला कागद मिटला. "सर... इनका कहना है, ये सुहागन हैं."

हार तसाच धरून साहेब सुभेदारांकडं वळले. "सूबेदार साहब, इनके बारे में कोई ख़बर है?"

सुभेदारांनी फोटोकडं पाहिलं. शालीचं टोक बोटांत घट्ट धरलं. मग म्हणाले, "नहीं, सर."

साहेबांनी हार परातीत परत ठेवला, फोटोला कडक सलाम केला आणि पुढं गेले. टाळ्या पडल्या. बायका येऊन मावशीच्या पाया पडल्या. सोनिया रडत रडत म्हणाली, "मोठी आई, जिंकलात तुम्ही!"

मलाही तसंच वाटलं. पण मावशीचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

"उमा, भावजींनी उत्तर द्यायला येळ का लावला?"

"वय झालंय त्यांचं. कमी ऐकू येतं."

"ऐकू आलं त्यांला. मी बघितलं."

मी तिचा हात दोन्ही हातांत धरला. ते मीही पाहिलं होतं.

आम्ही मांडवातून निघत होतो तेव्हा सुभेदार काठी टेकत मागून आले. "वहिनी, जरा बोलायचं होतं."

"आज नको, भावजी. पाय दुखायलेत," असं म्हणून ती जवळजवळ पळतच रिक्षाकडं गेली.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः बजाजनगरला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मावशीनं मला हाक मारून जवळ बसवलं. सोनियानं चहा केला. ते "वहिनी" म्हणाले की मावशी सुरू व्हायची. नळाला पाणी कसं येत नाही, पुतण्याची कंपनी, सिल्लोडला मक्याला भाव काय, माझ्या गुडघ्यांचं दुखणं. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मधेच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. त्यांची पाठ चोळताना तिचा चेहरा असा झाला होता, की मलाच भीती वाटली.

खोकला थांबला. डोळे पुसत सुभेदार म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी पहाटे..."

"चहा गार झाला भावजी, दुसरा टाकते," मावशी म्हणाली आणि आत गेली.

ते बराच वेळ दाराकडं बघत बसले. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. मावशी मात्र बाहेर आली नाही. शेवटी ते उठले आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेले.

मी आत गेले. पातेल्यातलं पाणी उकळून आटत आलं होतं. मावशी भिंतीला टेकून उभी होती.

"गेले का?"

"गेले."

"काय सांगितलं नाय ना तुला?"

"नाही."

तिनं स्टोव्ह बंद केला. "लई खोकतात गं," ती म्हणाली. "त्यांला काय झालं तर? ती पहाट दुसऱ्या कुणाला ठावं हाय?"