बस चढणीला लागली

गुंद गावातल्या आमच्या घरात घड्याळ आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. दुपारच्या बसची वेळ आई कानानं ओळखायची. खालच्या वळणावरून रानात घरघर सुरू झाली, की बस आमच्या दारापुढच्या रस्त्यावर पोचायला दहाएक मिनिटं लागत. "बस चढणीला लागली," असं आई म्हणाली, की आमच्या निरोपाला सुरुवात व्हायची.

मी रामनगरला दिलेली लेक, आणि वडील गेल्यापासून ती इथं एकटी. दोन दिवस आम्ही भाताचं, शेतात घुसणाऱ्या गव्यांचं, शेजारणीच्या सुनेचं बोलत बसायचो. खरं बोलणं मात्र त्या दहा मिनिटांतलं. मी म्हणायची, "आता तरी चल माझ्याकडं." ती म्हणायची, "बगू पुढच्या खेपेला," आणि कंदांचं गाठोडं माझ्या हातात कोंबून मलाच रस्त्याकडं ढकलायची. मला राग यायचा. लेक कधी एकदा जाते याची वाट बघत होती की काय ही बाई!

बस सुटली की ती चार पावलं मागं चालत यायची. काळ्या धुरात तिचे ओठ हलताना दिसायचे. त्या गोंगाटात काय ऐकू येणार? गाठोडं सांभाळ म्हणत असेल, उळवीच्या देवाचं नाव घेत असेल, असं समजून मी खिडकीतून मान हलवायची. वीस वर्षं मी अशी काही न ऐकता मान हलवली.

यंदा या रस्त्याला विजेची बस लागली आणि आईचा कान फसायला लागला. मागच्या खेपेला तर तिनं मला लवकरच बाहेर काढलं. "आली बग, आली!" आम्ही धावत रस्त्यावर गेलो, तर डोक्यावरून माडगरुडांची, म्हणजे धनेश पाखरांची, जोडी चालली होती. एवढी मोठी पाखरं, पंखांचा भस्सभस्स आवाज रानभर.

"आये, पाखरं हायत ती," मी हसू दाबत म्हटलं.

"मग तुमची बस काय मुकी हाय?"

आई अशी चिडली की गोड दिसते. आम्ही तिथंच काजूच्या सावलीत टेकलो. पानांतून गळणारं ऊन तिच्या लुगड्यावर हलत होतं. रान इतकं निवांत होतं, की कुठं वाळकं पान पडलं तरी कळत होतं. मला पेंग आल्यासारखं झालं. मी लहान आहे, शाळेला सुट्टी आहे आणि कुठंच जायचं नाही, असं वाटत राहिलं. बस मुकी आहे हे त्या पेंगेत विसरून, आवाज आला की विचारू म्हणून नेहमीचा प्रश्न मी ओठांवरच ठेवला.

आणि बस समोर येऊन उभीच राहिली. दार उघडलं, आईनं मला आत ढकललं. आमची दहा मिनिटं कुणी काढून घेतली कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.

बस हलली. धूर नव्हता. आई लख्ख दिसत होती, चार पावलं मागं. तिचे ओठ हलले, सवयीनं माझी मान हलली, आणि ऐकू आलं.

"ऱ्हा गं. आजच्या दीस ऱ्हा."

तिनं हाक मारली नव्हती. मला ऐकू जाईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी वीस वर्षं तिला चल म्हणत होते, आणि एकदाही एक दिवस वाढवून राहिले नव्हते. मला माझीच लाज वाटली.

"निल्सी, निल्सी!" मी कानडीत कंडक्टरवर ओरडले. बस वळणापुढं थांबली. मी गाठोड्यासकट उतरून मागं आले, तर आई अजून रस्त्यातच उभी होती.

"काय तरी इसरलीस?"

"व्हय," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि ती घराच्या वाटेला लागली. मी चार पावलं मागं.