एकाच चिखलातले दोघे

माणसाची सहनशक्ती कुठवर ताणता येते हे ज्याला पाहायचं असेल, त्याने माझ्या साडूभाऊंच्या शेजारी जेवायला बसायला हवं होतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नागपूरच्या एका संग्रहालयात नोकरीला होते. नागपूर तेव्हा मध्य प्रांताच्या राजधानीचं शहर, मोठमोठ्या साहेबांची ये-जा. पण साडूभाऊंना जिवंत माणसांत फारसा रस नव्हता. मटणाच्या पंगतीत सगळे रस्सा ओरपत असताना हे ताटाच्या कडेला हाडं जुळवत बसत, आणि शेजारच्याच्या ताटात बरासा सांधा दिसला की तोही मागून घेत. रस्त्याच्या कडेला गिट्टीचा ढीग दिसला की उकिडवे बसत. आपण भर उन्हात दोन्ही सायकली धरून उभे. घरात पोत्यांनी दगड साठवलेले. एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी त्यातल्याच एका लांबट दगडाने मिरच्या वाटल्या. तो डायनोसॉरचा अंगठा होता म्हणे. पुढे साडूभाऊंनी सासुरवाडीला चटणी खाल्ली नाही.

चांद्याकडच्या एका खेड्यात नाल्याकाठी मात्र खरोखरची हाडं निघाली, आणि त्यांनी मलाही रजा टाकायला लावून ओढत नेलं. एकाच थरात दोन जनावरं होती. एक बैलगाडीपेक्षा लांब, दुसरं वासराएवढं, आणि त्या लहानग्याची मान मोठ्याच्या बरगड्यांखाली. साडूभाऊ बघतच राहिले. "माय-लेकरू आहे गा," ते म्हणाले. हाडांवर प्लास्टर चढवायला कापड कमी पडलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून लुगडं काढून टराटरा फाडलं. उमरेडच्या सासऱ्यांनी स्वतःच्या मागावर मेव्हणीसाठी विणलेलं, येताना वाटेत आमच्या हाती दिलेलं, घडीही न मोडलेलं. मेव्हणीने त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि नवरा-बायकोचे निरोप इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

इकडे संग्रहालयाच्या साहेबांनी ठरवलं की मोठं जनावर दालनात मधोमध ठेवायचं, आणि लहान सोडवून कलकत्त्याच्या संग्रहालयाला द्यायचं. साडूभाऊंनी छिन्नी कुलपात घातली आणि किल्ली द्यायला साफ नकार दिला. नोकरी जाईल, असं साहेबांनी बजावलं. मी हात जोडून समजावलं. ते मला त्या लहानग्याच्या दुधाच्या दातांविषयी सांगत बसले.

शेवटी कलकत्त्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी हाडं निवांत तपासली आणि हळूच सांगितलं, की ही माय-लेकरं नव्हेत. जातच वेगळी. मोठं जनावर पाला खाणारं, लहान मांस खाणारं. कुठल्याशा पुराने दोघांची प्रेतं एका चिखलात आणून टाकली, एवढंच. साडूभाऊंचा चेहरा उतरला. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"नातं नसलं तर नसलं, साहेब," ते म्हणाले. "पण इतका काळ एकमेकाच्या अंगावर काढला त्यायनं. आता आपण काहून तोडून राहिलो?"

साहेब चिडले, पण तज्ज्ञांनीच साडूभाऊंची बाजू घेतली. हाडं जशी सापडली तशीच ठेवली तर त्या पुराची हकिकत राहील, नाहीतर ती पुसून जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या दोघांना अखेर एकाच काचेखाली जागा मिळाली, साडूभाऊंची नोकरी टिकली, आणि मेव्हणी निदान भाकरी वाढताना बोलू लागली.

त्यानंतर रविवारी दालनात उभं राहून साडूभाऊ येईल त्याला सगळं खरं खरं सांगत. एकदा मी त्यांना लग्नाला न्यायला गेलो होतो, उशीर होत होता, आणि नेमक्या त्याच वेळी एका खेडूत म्हाताऱ्याने विचारलं, "हे एकमेकाचे कोण लागते?" आता तासभराची निश्चिंती, असं म्हणून मी कपाळाला हात लावला.

साडूभाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"साडू समजा," ते म्हणाले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कधी त्या बाजूला गेलो तर मी त्या काचेपाशी उभा राहतो, कोणी काही विचारील म्हणून थोडा थांबतो. सहसा कोणी विचारत नाही.