एकशे पंच्याहत्तर किलोवर अडकलेलं वर्ष

अकरा महिने मी एकशे पंच्याहत्तर किलोवर अडकलो होतो. डेडलिफ्ट म्हणजे काही मोठी कला नाही. जमिनीवर लोखंडी बार पडलेला असतो, तो वाकून दोन्ही हातांनी धरायचा आणि ताठ उभं राहायचं. गुडघ्याच्या वर बार गेला की पुढचं आपोआप होतं. एकशे पंच्याहत्तरच्या वर वजन गेलं की माझा बार गुडघ्यापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. हात थरथरायचे, नाकातून रक्ताची बारीक धार यायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि बार पुन्हा खाली जायचा.

आमची व्यायामशाळा नाहूरला, चाळीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये होती. खाली शहाबादी फरशी, वजनाच्या प्लेट आपटून ती फुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना ट्रकच्या टायरचे तुकडे टाकलेले. समोर मारुतीची तसबीर. चपला बाहेर काढून यायचं. संध्याकाळी सहाला मास्तर कुलूप उघडायचे. मास्तर म्हणजे आमच्याच गावाकडचे, एका कारखान्यात फिटर होते आणि तरुणपणी कुस्ती खेळलेले होते. त्यांचं शास्त्र एका वाक्यात संपायचं. रोज ओढा. आम्ही रोज ओढायचो. सोमवार ते शनिवार डेडलिफ्ट, रविवारी सकाळी पुन्हा डेडलिफ्ट. नडगी बारला घासून सोलून निघायची, खपली धरायच्या आत पुन्हा सोलायची. माझ्या सगळ्या पँटना पुढून तपकिरी डाग होते आणि आई ते धुताना शिव्या घालायची.

माझा जोडीदार शेजारच्या चाळीतला. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्याचे वडील साताऱ्याकडचे, माझे बाबा मालवणचे, दोघंही एकाच गिरणीत कामाला होते. तो साठ किलोच्या वजनी गटात, मी साडेसदुसष्टच्या. त्या वर्षी एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती होती. उपनगरांच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत आपापल्या गटात पहिल्या तिघांत जो येईल त्याला नोकरी मिळणार होती. पुढच्या वर्षी भरती असेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याचा नंबर जवळजवळ पक्का होता. माझा हिशोब मास्तरांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवला होता, डेडलिफ्ट एकशे नव्वद झाली तर तिसरा, नाहीतर पाचवा. आम्हा दोघांच्याही घरात तेव्हा धड पगार येत नव्हता. एवढंच काय ते पणाला लागलं होतं, आणि ते आम्हाला झोपेतही आठवत होतं.

आता आमच्या व्यायामशाळेची एक रीत सांगायला हवी. जड वजनाला हात घालण्यापूर्वी गडी तापवायचा. जोडीदार मागे उभा राहायचा. आधी मानेवर दोन सणसणीत फटके, मग दोन्ही गालांवर, आणि मग कानाशी तोंड नेऊन असं काहीतरी बोलायचं की समोरच्याचं डोकं फिरलं पाहिजे. खुन्नस चढली की वजन उठतं, असा सगळ्यांचा विश्वास. मास्तरांनी त्याला दोन कुंपणं घातली होती. आई काढायची नाही आणि जात काढायची नाही. बाकी सगळं चालायचं. बाप चालायचा.

माझा बाप फार चालायचा. गिरण्यांचा संप ऐन भरात असताना बाबा पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत कामावर गेले होते. ताईचं लग्न ठरलं होतं, घरात तांदूळ नव्हता, आणि बाबा मुळातच भित्रे. आठव्या दिवशी संध्याकाळी तीन माणसांनी त्यांना चाळीच्या नळाजवळ गाठलं आणि सायकलच्या चेनने मारलं. एक डोळा कायमचा अधू झाला. पुढे ती गिरणीही गेली, म्हणजे फितूर होऊनही हातात काही राहिलं नाही. माझ्या मित्राचे वडील शेवटपर्यंत संपावर राहिले, त्यांचीही नोकरी गेली, आणि ते मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाले. दोघं बाप रस्त्यात समोरासमोर आले तर मान खाली घालून जायचे. आम्ही दोघं मात्र एकाच बारला हात लावत होतो.

तर माझा मित्र कानाशी येऊन म्हणायचा, "फितुराच्या पोरा, उचल. पोलिसांची गाडी येणार नाही उचलायला." पहिले दोन महिने हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही व्हायची. एकशे साठचे एकशे पंच्याहत्तर त्याच जोरावर झाले. मग बोथट झालं. गालावर पाच बोटं उठायची, कान सुन्न व्हायचा, आणि आत काहीच पेटायचं नाही. मी त्याला म्हणायचो, जोरात मार. तो जोरात मारायचा. एकदा माझा ओठ आतून दातावर फाटला आणि रक्त मारुतीच्या फोटोखालच्या फरशीवर पडलं. बार गुडघ्यापाशीच थांबला. मी त्यालाही तापवायचो, आणि खरं सांगायचं तर त्याला मारताना मला बरं वाटायचं. माझं उठत नाही आणि त्याचं उठतं, याचा राग मी त्याच्या मानेवर काढत होतो. त्याने कधी हूं की चूं केलं नाही.

घरीही मी तसाच वागत होतो. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं. बाबा एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले, आणि ते काही बोलले नाहीत याचाच मला आणखी संताप आला. उठून मला एक मुस्काटात दिली असती तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. ते खाली बसून भात गोळा करू लागले.

स्पर्धेला तीन आठवडे राहिले तेव्हा मी बारवर एकशे ऐंशी चढवले. त्या संध्याकाळी शेडमध्ये सात-आठ जण होते. मी मित्राला म्हणालो, "आज बाप नको. त्याने काय होत नाही. नवीन काय तरी बोल."

"काय बोलू?"

"असं बोल की तुला जिवंत सोडावंसं वाटणार नाही."

"नको रे," तो म्हणाला. "डोकं शांत ठेव ना यार. आज नाही उठलं तर उद्या उठेल."

"फाटली काय तुझी? तुझा नंबर पक्का आहे म्हणून तुला पडली नाही ना माझी. बोल."

तो मागे गेला, मानेवर दोन फटके दिले, गालांवर दोन दिले. मी वाकलो, बार पकडला. तो कानाशी आला आणि अगदी हळू, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाला मारत होते तेव्हा तू संडासात कडी लावून बसला होतास. मी गॅलरीतून बघितलं. ते गेल्यावर पण तू दहा मिनिटं बाहेर आला नाहीस."

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि हे जगात कोणालाही माहीत नाही अशी माझी समजूत होती. बाबा ओरडत होते ते मला आत ऐकू येत होतं. चेनचा आवाजही येत होता. आई वरून हाका मारत होती, "खंय असस रे, भायर ये." मी दोन्ही हातांनी कडी दाबून धरली होती. माझ्या मित्राने हे पाहिलं होतं आणि चार वर्षं कोणाला, मलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

मी ओढलं. सगळी शक्ती लावून ओढलं. बार गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला.

मी बार सोडून दिला. टायर चुकवून एक प्लेट फरशीवर पडली आणि फरशी तडकली. बारच्या टोकाला प्लेट घट्ट बसवायला लोखंडी कडं असतं, मुठीएवढं, दोन-अडीच किलोचं. त्यातलं एक सुटं कडं बाकावर होतं. ते माझ्या हातात कधी आलं मला आठवत नाही, पण पहिला वार आठवतो. मी तोंडावर मारला आणि त्याने हात आडवा घातला. मनगटाच्या वर काडकन आवाज झाला. तो खाली बसला. दुसरा वार खांद्यावर बसला. मग मी कडं टाकून दिलं आणि लाथा घातल्या, बरगड्यांत, पोटात. तो मोडलेला हात छातीशी धरून कुशीवर वळत होता आणि "अरे तूच बोललास ना, तूच बोललास ना" एवढंच म्हणत होता. चौघांनी मला मागे खेचलं. खेचत असताना, हात धरलेले असताना, मारायला काहीच उरलेलं नसताना मी त्याची जात काढली. जो शब्द कागदावरसुद्धा लिहू नये तो शेडभर ऐकू जाईल असा ओरडलो. एकदा नाही, तीनदा.

माझे दंड धरणाऱ्यांत दोघं त्याच्याच समाजातले होते. त्यांनी मला सोडलं. मला वाटलं आता मारतील, मारायला हवं होतं. त्यांनी त्याला उचललं, एकाने त्याच्या चपला घेतल्या, आणि ते निघून गेले. त्यानंतर त्यांच्यातलं कोणीच त्या व्यायामशाळेत आलं नाही. मास्तरांनी माझ्या कानाखाली एक दिली, तापवायची नव्हे, खरी. म्हणाले, "तीन आठवडे इथे दिसलास तर तंगडी मोडीन."

तीन आठवडे मी घरात पडून होतो. पहिले चार दिवस पोलीस येतील म्हणून दाराकडे बघत होतो. तक्रार झालीच नाही. त्याचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि त्याचं नाव स्पर्धेतून गेलं. मी खात होतो आणि झोपत होतो. दुपारी दोन-दोन तास मेल्यासारखी झोप लागायची. नडगीवरची खपली पडली आणि खाली गुलाबी कातडी आली. आत जे चाललं होतं ते चालूच होतं, पण शरीराला त्याचं काही नव्हतं. शरीर निर्लज्जपणे भरत होतं.

स्पर्धा घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मास्तर आले होते, पण माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या मागे कोणी उभं नव्हतं, कोणी मारलं नाही, कोणी कानाशी आलं नाही. मी एकशे सत्तर उचलले आणि मला वाटलं प्लेट कमी लावल्या असाव्यात. मग एकशे ऐंशी. मग तिसऱ्या आणि शेवटच्या वेळी एकशे नव्वद. बार गुडघ्यापाशी आला आणि थांबला नाही. पंचांनी हात खाली केला तरी मी बार धरून उभाच होतो. पंचांपैकी एक म्हातारे होते, त्यांनी मला "ठेव रे बाबा खाली" असं सांगितलं.

नंतर त्यांनीच मला बोलावून विचारलं, तयारी कशी केलीस. मी म्हणालो, तीन आठवडे काहीच केलं नाही. त्याआधी? त्याआधी रोज ओढत होतो. "रोज?" ते हसायला लागले. "अरे गाढवांनो, डेडलिफ्ट रोज करतात का? पाठ भरून यायला आठवडा लागतो. तू वर्षभर थकलेला होतास, दुसरं काय." आणि ते चहा प्यायला गेले. मी तिथेच खाली बसलो. म्हणजे गालावरचे फटके, फाटलेला ओठ, फितुराचं पोर, संडासाची कडी, त्याचा हात, यातल्या कशाचीच गरज नव्हती. गरज होती ती आठवडाभराच्या झोपेची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील ड्युटीवर होते. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाली. तो खाटेवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. मी जमिनीवर बसलो. त्याची आई चहा घेऊन आली, कप माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

"किती?" त्याने विचारलं.

"एकशे नव्वद."

"पाठ वाकली?"

"नाही."

"मग झकास. लागेल तुला नोकरी."

मी म्हणालो, मला माफ कर. रागात झालं सगळं, मला कळलंच नाही मी काय करतोय. म्हणताना मी रडत होतो आणि माझं रडणं मलाच किळसवाणं वाटत होतं. तो प्लास्टरवरची धूळ नखाने काढत होता.

"हात रागाने उठला, ते चल, मान्य," तो म्हणाला. "तू बोल म्हणालास तरी मी ते बोलायला नको होतं. माझं पण चुकलं. पण तो शब्द राग आला म्हणून सुचतो काय? तो तोंडात असावा लागतो. तुमच्या घरात बोलतात काय रे, मी गेल्यावर?"

मी नाही म्हणालो. आमच्याकडे तसं कोणी बोलत नाही, शप्पथ, कुणालाही विचार, असं म्हणालो. त्याने मान हलवली आणि चहा संपव म्हणाला. मी संपवला आणि उठलो.

आमच्या घरात तो शब्द रोज जेवताना यायचा, आणि मी हसायचो.